बुवाचं अजून तेच

ताईचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी उत्तर पाठवलं नव्हतं. जिने चढवत नाहीत, एकटीनं राहणं आता जमत नाही, असं तिनं लिहिलं होतं. भाच्याच्या घरी मांजर चालत नाही. ‘आम्हा दोघींना ठेवून घेशील का? पण माझी मनी भित्री आहे. तुझा बोका तिला त्रास देणार नाही, एवढं नक्की सांग.’

नेमकं तेवढंच सांगता येत नव्हतं.

बुवाचं, म्हणजे माझ्या बोक्याचं, नसबंदीचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं. आता तो निवेल असं मी धरून चाललो होतो. पण दुपारी मी वाचायला बसलो की तो माझी लोकरीची शाल ओढून नेई, मान पकडावी तशी तिची घडी दातांत धरी आणि वर चढून पाय मारत राही. शेजारच्या बाईंची मांजरी गॅलरीत आली तर तिचीही तीच गत.

"काका," बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी याला नुसतं झोपवून परत दिला की काय?"

मी मांजरांवरची पुस्तकं काढली. एक म्हणे सवय जाते, दुसरं म्हणे जातेच असं नाही. माझंच वाचायचं चुकत असेल म्हणून पुन्हा वाचली. बुवा शालीवरच.

शेवटी त्याला टोपलीत घालून दवाखाना गाठला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"तो अजून... तसं करतो."

"कसं? उलट्या?"

"नाही हो. पूर्वीसारखं."

"काका, जरा मोठ्यानं बोला."

बोललो. बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली.

डॉक्टरीणबाईंनी बुवाला तपासलं. "ऑपरेशन चोख झालंय. पिल्लं व्हायची नाहीत. पण तुम्ही याला मोठा झाल्यावर आणलात, तोवर हा सगळं शिकून बसला होता. आता कंटाळला, बावरला, तरी हेच करतो."

"म्हणजे थांबणार नाही?"

"कमी होईल. नक्की नाही सांगत."

"मला नक्की काय तेच हवं होतं," मी वैतागून म्हणालो आणि ताईचं सांगितलं.

"मग दोघांना एकदम समोरासमोर आणू नका. खोल्या वेगळ्या ठेवा. तिच्या अंथरुणातलं फडकं आधी याला हुंगू द्या, याचं तिला. हा चढायला लागला तर रागावू नका, दोरी हलवून खेळवा. दुपारी तुम्ही काय करता?"

"वाचतो."

"आणि तो?"

मी बुवाला परत टोपलीत घातलं.

घरी येऊन लिहायला घेतलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं: ‘ताई, बुवा त्रास देणार नाही असं मी म्हणू शकत नाही. बहुतेक देईल. मनीला माझी पुस्तकांची खोली देतो, दाराला कडी आहे. तिच्या अंथरुणातलं एखादं फडकं पुढे पाठव, धुऊ नकोस. मग तुम्ही दोघी या.’

पाकीट चिकटवेपर्यंत बुवानं शाल धरलीच होती. मी दोरी हलवली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला तसाच सोडून मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो.