आधी नुसतं पाणी

माझी बायको बनाबाई वारल्यावर आमची लेक प्रज्ञा म्हणाली, "आबा, कॉलेज सोडते. तुमच्या भाकरीचं कोण बघणार?"

मी कोपरगावला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. उसाच्या रसातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते. किती फिरली, त्यावरून आम्ही साखर मोजतो. प्रज्ञाने तेच कॉम्प्युटरवर मांडलं होतं, म्हणून पुण्याला तिच्या कॉलेजात बघायला गेलो.

पडद्यावर दिशा दाखवणारी रेघ रस भरायच्या नळीतून गेली, तरी उभीच राहिली.

"चुकलं का गं?"

"न्हाई आबा. आधी नुसतं पाणी, शून्य बघायला. साखर न्हाई, तर रेघ फिरायला नको. तुमचीच शिकवण."

मग तिने रस भरला. रेघ कलली. आई गेल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली.

मी म्हणालो, "कॉलेज सोडायचं न्हाई. पिठलं मी करीन."

"मीठ किती घालाल?"

"आधी बिनमिठाचं करतो. शून्य बघायला."