कॉफीच्या डब्यातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. कपड्यांचं नाही, भांड्यांचं नाही. बंदुकांचं.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात स्ट्राउड लोकांचं घर आहे. त्या घराच्या जेवणाच्या खोलीत मी उभा असतो. समोर लांब टेबल, डावीकडे शेगडी, उजवीकडच्या खिडकीतून रस्ता दिसतो. माणसं जेवता जेवता जे बोलतात ते सगळं मी ऐकतो. मला दुसरं काम तरी काय?

मला ऑर्व्हल स्ट्राउडने बनवलं. वादळात त्याच्या आवारातलं अक्रोडाचं झाड पडलं. शेजारी म्हणाले, फोड आणि जाळ. ऑर्व्हलने ते फळ्या करून सुकवत ठेवलं आणि मग एका हिवाळ्यात मला घडवलं. बंदुका उभ्या ठेवायला आत खाचा केल्या, खाचांना हिरवं मखमली अस्तर लावलं. दाराला काच बसवली. वर एक हरीण कोरलं. त्याचं एक शिंग जरा वाकडंच झालं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. जो येईल तो माझ्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "ऑर्व्हल, हे विकायचं झालं तर आधी मला सांग." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मला कुलूपही आहे. पण किल्ली नेहमी माझ्याच डोक्यावर, कॉफीच्या रिकाम्या डब्यात. सगळ्या गावाला ठाऊक. ऑर्व्हल म्हणायचा, "कुलूप पाहुण्यांना दाखवायला असतं. घरच्यांना डबा असतो."

त्याचा एक नियम होता. नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू होतो त्या पहिल्या दिवशी कपाट रिकामं झालं पाहिजे. एकही बंदूक आत राहता कामा नये. आमच्याकडे त्या दिवशी शाळा बंद असते, दुकानं बंद असतात. ज्याची बंदूक कपाटात राहिली तो एक तर आजारी, नाहीतर मेलेला. ऑर्व्हल गेला तरी नियम राहिला. त्याची दोन मुलं, थोरला व्हर्लिन आणि धाकटा लोनी, दोघं तो पाळत आले.

आता लोनीबद्दल सांगतो.

लोनी लाकूड कापायच्या मिलमध्ये कामाला होता. ओंडका घसरून त्याची कंबर गेली, मग मिलच बंद पडली, मग त्याची बायको तिच्या बहिणीकडे राहायला गेली ती परत आलीच नाही. लोनी टेकडीखालच्या पत्र्याच्या घरात एकटा राहू लागला. रविवारी जेवायला यायचा. आधी सगळ्यांना हसवायचा, मग नुसता हसायचा, मग तेही थांबलं.

एका रविवारी तो नेहमी बरोबर असणाऱ्या कुत्रीला न घेताच आला.

"मॉली कुठाय?" नदीनने विचारलं. नदीन म्हणजे व्हर्लिनची बायको.

"शेजारच्या हॉलिसला दिली."

"हॉलिसला? तो तर कुत्र्यांना शिव्या घालतो."

"शिकेल," लोनी म्हणाला आणि बटाटे घ्यायला लागला.

तो गेल्यावर नदीन भांडी तशीच टाकून खुर्चीत बसली. "व्हर्लिन, जो माणूस बायको गेल्यावर रडला नाही, त्याने कुत्री देऊन टाकली. त्याच्या बंदुका आण."

"वेडी आहेस का? आपल्याकडे माणसाची बंदूक मागत नाहीत. त्यापेक्षा त्याची पँट मागतो, ती देईल हसत हसत."

"मग पँट माग, आणि बंदुका पण माग."

व्हर्लिनने खरं काय ते विचारलंच नाही. लोनी, तुझं कसं चाललंय, तुझ्या मनात काय आहे, असलं काही नाही. त्याने काय केलं, सांगू? तो म्हणाला, "लोनी, तुझं छप्पर गळतंय. गंज चढेल सगळ्यांवर. दुरुस्त होईपर्यंत आमच्याकडे ठेव."

लोनी घोंगडीत गुंडाळून सगळ्या घेऊन आला. बापाची जुनी रायफलसुद्धा. एकेक करून त्याने स्वतःच्या हाताने माझ्या खाचेत उभी केली. मग माझ्या काचेत स्वतःकडे बघत म्हणाला, "छप्पर खरंच गळतं रे." व्हर्लिनने कुलूप लावलं. लोनीचे खांदे खाली आले, जसे ओझं उतरवल्यावर येतात. मित्रांनो, मी इतकी वर्षं बंदुका सांभाळल्या, पण माणूस सांभाळतोय असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

त्याच दिवसांत राज्याच्या राजधानीत एका नव्या कायद्यावर भांडण चाललं होतं. एखाद्या माणसाकडून धोका आहे, दुसऱ्याला किंवा स्वतःलाच, असं घरच्यांनी सांगितलं तर न्यायाधीशाने त्याच्या बंदुका काही काळ काढून ठेवायच्या, असा तो कायदा. व्हर्लिन आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळावर निवडून आलेला. त्याला कायद्याविरुद्ध बोलायला बोलावलं होतं. त्याने राज्याचा एक मोठा नकाशा तयार केला. जिथे खून जास्त तिथे लाल, जिथे नाहीत तिथे पांढरं. टेबलावर पसरून तो रोज त्याच्यासमोर भाषण म्हणायचा. श्रोता मी एकटाच.

त्याची मुलगी कोरीन सेंट लुईसला इस्पितळात नर्स आहे. ती घरी आली तेव्हा नकाशा टेबलावरच होता.

"बघ," व्हर्लिन म्हणाला. "लाल कुठे? तुझ्या शहरात. पांढरं कुठे? आपल्याकडे. आता बंदुका कुठे जास्त? आपल्याकडे. मग बंदुकीचा दोष कसा?"

"पप्पा, हा नकाशा कसला आहे?"

"गोळीने माणसं मरतात त्याचा."

"नाही. माणूस माणसाला मारतो त्याचा. जे स्वतःलाच मारतात ते कुठे दाखवलेत?"

"ते यात धरत नाहीत."

"का?"

"कारण तो गुन्हा नाही. ते दुःख आहे. दुःखाला कायदा लावतात का?"

"आमच्याकडे गोळी लागलेला माणूस येतो तेव्हा आम्ही नाही विचारत, गुन्हा का दुःख म्हणून. तू ती माणसं मोज, मग बघ तुझी काउंटी पांढरी राहते का."

"आणि तुझ्या शहरातली पोरं एकमेकांना मारतात त्याचं काय?"

"त्याचं मला विचारतोस? त्यांचं रक्त मी रोज हातावरून धुते. पण त्या पोरांच्या बंदुका झाडाला लागत नाहीत, पप्पा. कुठून तरी येतातच ना."

"म्हणजे मी पाठवतो?"

"भांडा," नदीन म्हणाली, "पण चिकन गार होतंय." मग तिने नकाशाची घडी केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तो कायदा जे सांगतो ते तू केलंच आहेस की. तुझ्या भावाच्या बंदुका तुझ्या मागे कुलपात आहेत."

व्हर्लिन लाल झाला. "ते मी भाऊ म्हणून केलंय. सरकार म्हणून नाही. फरक आहे."

"काय फरक?"

"सरकारने एकदा घेतलं की परत देत नाही. लोनीने मागितली की मी त्याची त्याला परत देईन. त्याच क्षणी."

माझ्या काचेत मला तिघांचे चेहरे दिसत होते. कोरीन काहीतरी बोलणार होती, पण तिने कोंबडीचा तुकडा तोंडात घातला.

आणि मग नोव्हेंबर आला.

पहिल्या दिवशी पहाटे सगळे आमच्याकडे जमतात. नदीन गरम पाव आणि सॉसेजचं दाट पांढरं कालवण करते. खाऊन झालं की मला उघडतात आणि आपापली बंदूक घेऊन रानात मचाणावर जातात. त्या दिवशी लोनी सगळ्यांच्या आधी आला. दाढी केलेली, शिकारीची नारिंगी बंडी धुतलेली. शेजारचा हॉलिस प्रूइट त्याला बघून म्हणाला, "काय रे, हरणाशी लग्न लावायचंय का?"

"हरणी बघून ठरवीन," लोनी म्हणाला.

सगळे हसले. किती दिवसांनी ते हसू ऐकलं. नदीनसुद्धा हसली, पण तिचा हात पातेल्यातल्या डावावर थांबलेला होता.

लोनी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "व्हर्लिन, बाबांची रायफल दे."

खोली गप्प झाली नाही. कशाला होईल? बाकीच्यांना काही माहीतच नव्हतं. पाव तोडत होते, कॉफी ओतत होते. फक्त नदीनने मान हलवली, अगदी थोडी. नाही, म्हणून. ती मला दिसली, व्हर्लिनलाही दिसली.

"या वर्षी माझ्याबरोबर बस की माझ्या मचाणावर," व्हर्लिन म्हणाला. "तुझी कंबर..."

"कंबर बरी आहे. आणि छप्पर मी दुरुस्त केलंय," लोनी हसत म्हणाला. "चढून ये बघायला. एक थेंब येत नाही."

आता व्हर्लिनकडे काय उरलं? खरं कारण त्याने कधी सांगितलंच नव्हतं. जे सांगितलं होतं ते लोनीने खिळे ठोकून मिटवलं होतं. चार माणसांसमोर भावाला नाही म्हणायचं म्हणजे, तू पुरुष नाहीस, तुझं डोकं ठिकाणावर नाही, असं सांगायचं. आणि तो तर इतका चांगला दिसत होता. व्हर्लिनने वर हात केला, कॉफीचा डबा काढला. किल्ली फिरली. त्या सकाळी मी नियमाप्रमाणे रिकामा झालो.

दुपारपर्यंत सगळे परतले. हॉलिसला हरीण मिळालं होतं. लोनी आला नाही. व्हर्लिन त्याला शोधायला गेला आणि बापाच्या जुन्या मचाणाखाली त्याला तो सापडला. याहून जास्त मी सांगणार नाही. लोनीच्या हातात बंदूक होती आणि जवळपास दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

अंत्यविधीला आलेले लोक माझ्या शेजारी उभे राहून ताटल्यांतलं खात होते आणि हळूच म्हणत होते, "काही कळलंच नाही. पहाटे किती हसत होता."

त्या कायद्यावरच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी व्हर्लिनने पुन्हा नकाशा काढला. नदीनने हात पुसले, येऊन त्याच्या शेजारी बसली आणि आमच्या काउंटीवर बोट ठेवलं. पांढरी होती.

"यात लोनी कुठे आहे?"

व्हर्लिन नकाशाचा कोपरा सरळ करत राहिला.

"शेरीफ म्हणाला गुन्हा नाही. मग लाल नाही. पण तो गेला तर आहे ना? मग त्याला कुठला रंग द्यायचा, सांग मला. मी भरते."

तो राजधानीत गेला. तिथे काय झालं ते त्याने नंतर नदीनला सांगितलं म्हणून मला माहीत. एका बाजूचे लोक आपले नकाशे दाखवत होते, दुसऱ्या बाजूचे आपले. प्रत्येकाने आपल्याला हवे तेवढेच मेलेले मोजले होते. व्हर्लिनचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, माइकसमोर गेला आणि म्हणाला, "मला आज काही म्हणायचं नाही." परत येऊन बसला. ना हो म्हणाला, ना नाही. कायदा बारगळला. त्याच्या बोलण्याने काही फरक पडला असता असं मला वाटत नाही. पण त्यानंतर मंडळाच्या निवडणुकीला तो उभा राहिला नाही.

माझे वाईट दिवस तेव्हा सुरू झाले. बंदुका माळ्यावर गेल्या. माझ्यावर जुनी चादर टाकली. माझ्यावरून हात फिरवणं बंद झालं. खाचांत कोळ्यांनी जाळी केली. कोरीन म्हणाली, "आई, याचं भांड्यांचं कपाट करू या." नदीन म्हणाली, "पप्पांना विचार." कुणी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हॉलिसची बायको मार्लीन वारली. पानं गळायच्या सुमाराला, एका दुपारी, हॉलिस आमच्या दारात आला. हातात घोंगडीचं लांब गाठोडं. मागे मॉली.

"छप्पर गळतंय माझं," हॉलिस म्हणाला.

व्हर्लिनने गाठोड्याकडे बघितलं. "तुझं छप्पर मागच्याच वर्षी नवीन घातलंय. मी शिडी धरली होती."

"तरी गळतंय."

व्हर्लिनने माझ्यावरची चादर ओढली. बाहीने काच पुसली. हॉलिसने आपल्या बंदुका आत ठेवल्या आणि व्हर्लिनने कुलूप लावलं. पण या वेळी तो थांबला आणि म्हणाला, "हॉलिस, बस. मार्लीनबद्दल बोल." हॉलिस बसला. बराच वेळ मॉलीचे कान चोळत राहिला. मग बोलला. मी ऐकलं, पण ते त्याचं आहे, मी तुम्हाला सांगणार नाही.

मोसमाचा पहिला दिवस आला. नदीनने पाव केले, कालवण केलं. हॉलिस नारिंगी बंडी घालून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"दे. छप्पर झालं दुरुस्त."

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

"काय नाही?"

"आज नाही देणार."

"सगळ्यांसमोर माझी लाज काढतोस? मी वेडा आहे का?"

"वेडा नाहीस. तुझी बायको गेलीय. मी पण नाही जाणार आज. आपण इथे बसू."

"माझी वस्तू आहे ती, व्हर्लिन."

"तुझीच आहे. माझ्यावर खटला भर."

"तू तर सरकारचा माणूस झालास रे," हॉलिस म्हणाला. त्याने कॉफीचा कप टेबलावर असा आपटला की कॉफी टेबलभर सांडली. मग हात वर करून त्याने माझ्या डोक्यावरचा डबा काढला. डबा रिकामा होता. तो डब्यात बघत राहिला, मग डबा खाली ठेवून निघून गेला. मॉली त्याच्या मागे गेली.

ऑर्व्हलचा नियम मोडला. पहिल्या दिवशी मी भरलेला राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. मोठी माणसं नकाशे घेऊन भांडतील, कुठल्या भागात किती मेले ते सांगतील. तुम्ही एवढंच विचारा, यात कुणाला मोजायचं राहिलं? आणि तुमच्या ओळखीतलं कुणी आपली लाडकी वस्तू वाटून टाकू लागलं, एकदम गप्प झालं किंवा एकदम हसू लागलं, तर छपराबद्दल बोलू नका. त्याच्याबद्दल त्यालाच विचारा, आणि एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. कुलूप असेल तर लावा. किल्ली डब्यात ठेवू नका.

माझी किल्ली आता कुठे असते, मला माहीत नाही.

हॉलिस अजून व्हर्लिनशी बोलत नाही. पण रोज सकाळी त्याचा ट्रक आमच्या रस्त्यावरून जातो, मॉली मागे बसलेली असते. व्हर्लिन टेबलाशी कॉफी घेऊन बसतो आणि खिडकीकडे कान लावतो. ट्रकचा आवाज येईपर्यंत तो कप तोंडाला लावत नाही.