इस्त्रीसाहेबांच्या मागची खुर्ची

इस्त्रीसाहेबांचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. इस्त्रीसाहेब म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. कोटावर चुणी नाही आणि चेहऱ्यावरही नाही, म्हणून हे नाव. ते आले आणि तिकिटाचे भाव दर मोसमाला चढत गेले. आधी आम्ही कुरकुरलो, मग ओरडलो, आणि शेवटी एकेक जण गळत गेला. आमच्या उघड्या स्टँडात आता रंगीत खुर्च्या बसवल्यात आणि तिथे असे लोक येतात, जे गोल झाला की आधी स्वतःचा फोटो काढतात.

माझ्या बाबांना दिसत नाही. जन्मभर वेल्डिंग केलं म्हणून सगळ्यांना वाटतं ठिणग्यांनी डोळे गेले. खरं तर काचबिंदूनं गेले. त्यानंतर त्यांनी पेपर सोडला, पत्ते सोडले, मॅच मात्र सोडली नाही. मी शेजारी बसून सांगायची आणि ते ऐकायचे. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. समोर काय चाललंय ते मोठ्या आवाजात न थांबता बोलत राहायचं, हा माझा धंदाच आहे. "लांब्यानं बॉल घेतला, बाबा. उजवीकडे एक जण मोकळा उभा आहे, पण हा गाढव मान वर करेल तर शपथ!" बाबा पुढे झुकून एकच शब्द बोलायचे. "मग?" मी श्वास घेतला तरी "मग?" मी शिंकले तरी "मग?" लहानपणी ते मला गोष्ट सांगायचे तेव्हा हा शब्द माझा होता. म्हातारपणी तो त्यांनी वापरायला घेतला.

दुसऱ्या कुणाचं सांगणं त्यांना चालायचं नाही. एकदा माझा घसा बसला होता, तेव्हा मागे बसणाऱ्या सायकलवाल्यानं मोठ्या हौसेनं सुरुवात केली. बाबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मध्यंतराला "चल घरी" म्हणाले. रेडिओचंही तेच. "रेडिओवरचा माणूस सगळ्यांना सांगतो," म्हणायचे, "मला सांगत नाही." हे ऐकून मला आत कुठेतरी फार बरं वाटायचं. घरात हुशार म्हणून भावाचं कौतुक, गुणी म्हणून वहिनीचं. पण बाबांचे डोळे मी होते, आणि ती जागा मी कुणाला देणार नव्हते.

पूर्वी आंधळ्या माणसाला सोबत करणाऱ्याला तिकीट लागत नसे. या मोसमात ती सवलत गेली आणि वर भाव तिप्पट झाले. क्लबानं प्रेक्षकांची सभा घेतली, तेव्हा बाबा उठून उभे राहिले आणि सवलतीचं विचारू लागले. इस्त्रीसाहेब गोड हसले.

"काका, फुटबॉल ही बघायची गोष्ट आहे. ज्यांना बघता येत नाही त्यांच्यासाठी रेडिओ आहेच की. उगाच खुर्ची कशाला अडवायची?"

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. बाबाही हसले, आणि तेच मला सहन झालं नाही. उभ्या उभ्या हसले, मग हातानं खुर्ची चाचपून खाली बसले.

त्या दिवसापासून त्यांनी मॅचचं नाव टाकलं. पण मॅचच्या दिवशी दाढी करून, जाकीट घालून पलंगाच्या कडेला बसायचे. स्टेडियमचा आवाज आमच्या खिडकीतून येतो. आवाज चढला की त्यांची मान तिकडे वळायची. स्वयंपाकघरात माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि मी भांडी आपटायची. आमच्याकडचे दोन टोप त्या मोसमात पोचे पडून वाया गेले, तेही मी इस्त्रीसाहेबांच्याच खात्यावर धरते.

सायकलवाल्याचं दुकान स्टेडियमच्या भिंतीला लागून आहे. ज्यांना मॅच परवडत नाही असे आम्ही सगळे तिथेच जमायचो आणि साहेबांचा उद्धार करायचो. मोसमातली शेवटची मॅच तोंडावर आली होती. जिंकलो तर वाचलो, नाहीतर क्लब खालच्या गटात जाणार. तेव्हा मी म्हणाले, "आपण सगळे मिळून एक तिकीट काढू. एकच. गाद्यांच्या स्टँडात, इस्त्रीच्या बरोब्बर मागे."

"आणि बसणार कोण?"

"मी. फोन चालू ठेवून. तुम्ही बाबांना इथे आणून बसवा आणि तुमचा फोन त्या मोठ्या स्पीकरला लावा. मी मॅच सांगेन, आणि मॅचबरोबर साहेबही सांगेन. एवढी महाग खुर्ची अडवून हा माणूस तिथे करतो काय, ते सगळ्यांना कळू दे."

सायकलवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. "ताई, तुझ्याशी वैर नको गं बाई," तो म्हणाला, आणि वर्गणीला पहिला हात त्यानंच खिशात घातला.

वहिनीचा चांगला कोट घालून मी गेले. निघताना बाबांना म्हटलं, "आज पुन्हा मी सांगणार, फक्त फोनवरून." त्यांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली.

गाद्यांच्या स्टँडात इतकी मऊ बैठक, की बसल्या बसल्या डोळा लागावा, आणि लोकांचा लागतही होता. इस्त्रीसाहेब माझ्या पुढ्यात, हात लांबवला तर कॉलर धरता येईल इतक्या जवळ. मी फोनचा आवाज मोठा केला, तो तोंडापुढे धरला आणि गाडी सुरू केली.

"खेळ सुरू झाला, बाबा. बॉल आपल्याकडे. लांब्या आज केस कापून आलाय."

"मग?"

"मग डावीकडे दिला, तिकडून परत मागे. आणि इथे आपले अध्यक्ष, आपल्याच क्लबकडे पाठ करून शेजारच्या बाईंना घराच्या फरशीचा रंग समजावून सांगतायत."

भिंतीपलीकडून हसू आलं. आमचं स्टेडियम हल्ली इतकं शांत असतं, की ते हसू मैदान ओलांडून थेट गाद्यांपर्यंत पोचलं. साहेबांनी कुठे काय झालं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "आता ते बघतायत की लोक कशाला हसले," मी सांगितलं. पलीकडे पुन्हा हशा. साहेबांचे कान मागून हळूहळू लाल झाले. हा देखावा त्या तिकिटात मिळाला असता तर मी एवढी कुरकुर केलीच नसती.

मग मला चव लागली. त्यांनी जांभई दिली, सांगितलं. फोनवर घड्याळांची चित्रं पाहिली, सांगितलं. मध्यंतरानंतर दोन्ही संघांनी बाजू बदलल्या तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "आपण कुठल्या बाजूला?" ते मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा हशात बुडून गेलं. सुरक्षारक्षक आला. मी म्हणाले, "वडिलांशी बोलतेय. कुठे लिहिलंय बोलू नये म्हणून?" सगळं स्टँड वळून बघायला लागलं, तसं साहेबांनीच त्याला हातानं जायला सांगितलं.

"मॅचचं काय गं?" बाबांनी मध्येच विचारलं.

"चाललीय. शून्य-शून्य. ऐका तर, आता ह्यांनी—"

"हं," बाबा म्हणाले. "मग?" म्हणाले नाहीत. ते माझ्या लक्षात आलं, पण भिंतीपलीकडचे लोक "पुढे, ताई, पुढे!" असं ओरडत होते आणि मी सुसाट सुटले होते. माझ्या शिकाऊ मुलांना मी रोज सांगते, एकदा उतार लागला की पाय ब्रेकवरच ठेवा.

शेवटची थोडी मिनिटं उरली. इस्त्रीसाहेबांनी एव्हाना फोन खिशात ठेवला होता, शेजारच्या बाईंशी बोलणं बंद केलं होतं. जांभई आली तरी गिळत होते. हलायचीच चोरी झाली बिचाऱ्याला. करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून शेवटी ते मॅच बघायला लागले. हात गुडघ्यांवर, मान पुढे. मला सांगायला काही मिळेना, म्हणून मी आणखी खुन्नसनं शोधायला लागले. डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत होते. कॉलरवर एक केस दिसला. "बाबा, साहेबांच्या कॉलरवर—"

आणि अख्खं स्टेडियम उसळलं.

माझ्या चारी बाजूंनी माणसं उभी राहिली. मी उठेपर्यंत आमचे खेळाडू कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडलेले होते, बॉल जाळ्यात. भिंतीपलीकडे आरडाओरडा सुरू झाला आणि एकदम थांबला. सगळे थांबले होते ते माझ्यासाठी.

"गोल ना? आपलाच ना?" बाबांचा आवाज कापत होता. असा आवाज मी मोसमभरात ऐकला नव्हता. "कुणी मारला? कसा? सांग, सांग लवकर!"

चार वाक्यं ठोकून दिली असती तर कुणाला कळलं असतं? पण बाबांना मी आजवर एकही खोटा पास सांगितला नव्हता.

इस्त्रीसाहेब सावकाश मागे वळले. अख्ख्या मॅचमध्ये पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेच सभेतलं गोड हसू हसले.

"सांगा ना, बाई. मॅच बघायलाच आला होतात ना?"

"बाबा," मी म्हणाले, "मी पाहिला नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते."

पलीकडे कुणी हसलं नाही. अगदी साध्या आवाजात बाबांनी विचारलं, "आणि त्यांनी पाहिला?"

साहेबांनी हात पुढे केला. "दे त्यांच्याकडे," बाबा म्हणाले. मी आयुष्यात बाबांचं ऐकलं नाही अशा वेळा पुष्कळ आहेत. ही त्यातली हवी होती.

साहेबांनी फोन माझ्यासारखाच तोंडापुढे धरला. "काका, कॉर्नर होता," त्यांनी सुरुवात केली. आवाज कोरडा, हिशेब वाचून दाखवल्यासारखा. "डावीकडून. बॉल उंच आला. सगळ्यांच्या डोक्यावरून."

"मग?"

"मग तो... लांब्या." नाव त्यांनी माझ्याकडूनच उचललं होतं. "लांब्या मागून पळत आला. दोघांच्या मधून उडी मारली त्यानं. मला वाटलं चुकला..."

"मग?"

"नाही चुकला, काका! डोक्यानं असा खाली दाबला, गोलकीपरच्या पायांजवळून!" साहेब उभे राहिले होते. कोटाला पाठीवर ही मोठी चुणी पडली होती आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण फोन त्यांच्याकडे होता.

"मग?" बाबा म्हणत होते. "मग? मग?"

रिकामे हात मांडीवर घेऊन मी त्या मऊ गादीवर बसून राहिले.

संध्याकाळी बाबांना घरी घेऊन आले. जाकीट काढताना त्यांचा चेहरा धुतल्यासारखा उजळला होता. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. क्लब वाचला होता, पण तिकीट एका पैशानंही उतरलं नव्हतं, आणि पुढच्या मोसमात आणखी चढणार हेही सगळ्यांना माहीत होतं.

"चांगलं सांगतो गं तो माणूस," बाबा म्हणाले. "पुढच्या मोसमात असेल ना तिथे?"

मी टोप उचलला आणि जागेवर ठेवला, न आपटता. तिकिटाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. सभेतलं ते हसणंही फार तर विसरले असते. पण बाबांनी त्या माणसाला "मग?" म्हटलंय, आणि हे मी इस्त्रीसाहेबांना मरेपर्यंत माफ करणार नाही.