श्वास : वीस

नोएमीने कासिल्दाबाईंच्या दंडावरचा पट्टा सोडला, रक्तदाब नोंदवहीत लिहिला आणि त्याच झटक्यात पुढच्या रकान्यात लिहून टाकलं : श्वास २०. बाहेर बाकावर कॉफीच्या मळ्यांतून आलेली माणसं ताटकळली होती. सगळ्यांत पुढे अब्दोन सुताराची विधवा तिबुर्सिया. आरोग्यकेंद्राच्या त्या एका खोलीत नर्स म्हणून नोएमी एकटीच होती.

कासिल्दाबाईंनी डोंगरातल्या अर्ध्या गावाला अंक शिकवले होते, नोएमीलाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या शाल गुंडाळून खाटेवर मान टाकून बसल्या होत्या. त्यांची मुलगी इल्सिया सांगत होती की चार दिवस खोकला आहे, जेवण सुटलंय आणि कालपासून आई शेळ्यांची हजेरी घेतेय. नोएमीला हसू आलं. वय झालं की असं व्हायचंच, असं म्हणत तिने थर्मामीटर पाहिला. ताप नव्हता.

खालच्या गावातल्या डॉक्टरांना तिने फोनवर ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, साधी सर्दी दिसतेय, खोकल्याचं औषध द्या, गुरुवारी पुन्हा बघा. इल्सिया आईच्या पायांत चपला चढवू लागली.

तेवढ्यात बाईंनी नोएमीचं मनगट धरलं.

"मोजलेस का?"

"काय, बाई?"

"दाणे. मोजलेस... की आपले वीस... ठोकून दिलेस?"

"घे, आता तुलाही शाळेत बसवलं," इल्सिया म्हणाली.

नोएमीचे कान तापले. दुसरीत असताना ती डब्यातून मूठभर मक्याचे दाणे उचलायची, एक नजर टाकायची आणि वीस म्हणून मोकळी व्हायची. बाई ते बाकावर पसरायला लावायच्या. बाईंचा चष्मा आज घरी राहिला होता, वहीतलं एक अक्षरही त्यांना दिसलं नसणार. तरी नोएमीने वही मिटली.

मग तिने स्टूल ओढलं, बाईंच्या शालीवर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. चौतीस. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे खाली ओलं सरपण पेटताना तडतडावं तसा आवाज येत होता.

तिने पुन्हा फोन लावला.

"डॉक्टर, मघाशी मी श्वास मोजलाच नव्हता. चौतीस आहे. उजवीकडे खाली आवाज येतोय. आणि बाई भ्रमात आहेत. ते मी वयावर ढकललं."

मग डॉक्टरांनी सांगितलं की हा न्यूमोनिया आहे, म्हाताऱ्या माणसांना तो तापाशिवायही होतो. अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन लगेच द्या, मी गाडी पाठवतो. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

गाडीत चढताना इल्सियाने फडक्यात बांधलेले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले दोन तमाल तिच्या हातात कोंबले.

"आईने शिकवलेलं वाया गेलं नाही बघ."

नोएमीने ते टेबलावर ठेवले. तिची लाजेने मान वर होईना. वीस खोडून तिने चौतीस लिहिलं. तिबुर्सिया आत येऊन स्टुलावर बसली होती, तरी नोएमीचा हात मागची पानं उलटत राहिला. वीस. वीस. वीस. दीड महिन्यापूर्वीच्या पानावर तो थांबला. अब्दोन सुतार, वय ७१, खोकला, ताप नाही, श्वास २०. त्याच्या मयतीला ती मेणबत्ती घेऊन गेली होती आणि तिबुर्सियाने तिचे दोन्ही हात धरून आभार मानले होते.

तिने वही बंद केली, तिबुर्सियाच्या पाठीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"इतका वेळ काय बघतेस गं?" तिबुर्सिया हसून म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याचं तर एका नजरेत सांगितलं होतंस."

नोएमीचा आकडा चुकला. तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.