नखाएवढी अक्षरं

आमच्या गावच्या कमानीला काळ्या फरशीची एक कोनशिला बसवलेली आहे. तिच्यावर 'मार्गदर्शक : मा. धैर्यशीलदादा' ही अक्षरं तळहाताएवढी उंच आहेत आणि त्याखालची ओळ नखाएवढी. वरच्या अक्षरांतला सोनेरी रंग दर दिवाळीला नवा होतो. खालच्या अक्षरांत धूळ बसते, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. वाचायची तर बोटानं घासावी लागतात.

धैर्यशीलनं ती कधी घासली नव्हती. घासली असती तर त्यानं चुलतीच्या मृत्युपत्रावर दावा लावला नसता.

चुलती म्हणजे चंद्राबाई. तिचा नवरा नाथाजी लवकर गेला, मूलबाळ नाही. ओढ्याकाठचं काळं रान तिच्या नावावर. पुतण्या भिंतीपलीकडं राहायचा. पण म्हातारी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली तेव्हा उशाला बसायला पाटणहून आली ती तिच्या बहिणीची लेक, रेश्मा. रेश्माला नवऱ्यानं टाकलेली. ती आली आणि राहिली. म्हातारी बरी होऊन पुन्हा रानात जाऊ लागली. पुढं काही वर्षांनी तिनं सांगलीला जाऊन रान रेश्माच्या नावानं लिहून ठेवलं. ती गेल्यावर तेराव्याच्या पंगतीत धैर्यशील स्वतः बुंदी वाढत म्हणाला होता, "चुलतीची इच्छा. आपन कोन बोलनार?"

रान तेव्हा ओढ्याकाठचं होतं. मग नवा हायवे आला, ओढा ओलांडून वळला आणि रान हायवेकाठचं झालं. तेव्हापासून धैर्यशीलला मेलेल्या चुलतीच्या डोक्याची काळजी वाटू लागली. मृत्युपत्र केलं तेव्हा म्हातारीला भान नव्हतं, असं त्यानं कोर्टात लिहून दिलं.

रेश्मा वर्षभर गप्प राहिली, कारण तिचा ऊस त्याच्या हातात होता. कारखान्याची तोडणीची टोळी कुणाच्या फडात आधी घालायची, हे आमच्याकडं धैर्यशील ठरवतो. दावा लागला त्या हंगामात रेश्माच्या उसाला तुरे आले, ऊस आतून पोकळ झाला, तेव्हा कुठं टोळी आली. "अर्धं दिऊन मोकळी हो," असं गाव तिला सांगत होतं. गाव म्हणजे ज्यांचा ऊस वेळेवर जातो ते.

शेवटी कमानीखालच्या कट्ट्यावर बैठक बसली. लागणीचे दिवस होते. रेश्मा सरीतून तशीच आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"ये रेश्माताई, बस की," धैर्यशील म्हणाला. तडजोडीचा कागद मांडीवर तयार होता.

"चिखल हाय अंगाला. उभीच बरी."

फौजेतून निवृत्त झालेले जयराज सुभेदार मध्यस्थ होते. "हे बघ पोरी, कोर्टात नाती नासत्यात. अर्धं तुला, अर्धं त्याला. मिटवून टाक."

"सुभेदार," कट्ट्याच्या टोकावरून अर्जुनाआबा म्हणाले, "फौजेत तुमी अर्धी हद्द दिऊन मिटवत हुता व्हय?"

लोक हसले. सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला.

"हसन्यावारी न्हेऊ नका, आबा," धैर्यशील म्हणाला. "चुलती भरमिष्ट झाली हुती. मला म्हनायची, कोन रं तू?"

"मतं मागाय आलेल्या समद्यांनाच ती तसं म्हनायची."

रेश्मानं विचारलं, "दादा, मावशीचं डोस्कं कवा फिरलं म्हनायचं?"

"तू आलीस तवाच की. तापात गेलं ते गेलं. परत ठिकानावर आलंच न्हाई."

"मरस्तवर?"

"मरस्तवर."

रेश्मा कोनशिलेपाशी गेली. पदराचं टोक कट्ट्यावरच्या पाण्याच्या कळशीत बुडवून तिनं खालची ओळ घासली. शेवाळ निघालं.

"सरपंच श्रीमती चंद्राबाई," तिनं वाचलं. "साल बी हाय हितं. मृत्युपत्राचंच साल."

आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा धैर्यशीलच्या घरात तिसरं मूल झालेलं, त्यामुळं बायकोला उभं करता येईना. म्हणून त्यानं चुलतीला उभं केलं आणि खुर्चीत आपण बसला. इतका निवांत बसला की सरपंच आपणच होतो, अशी त्याची खात्री झाली. म्हातारी सरपंच होती हे तो लपवत नव्हता. ते त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"तुमी कागद घिऊन बांधावर यायचा," रेश्मा म्हणाली. "ती म्हनायची, पाट भरू दे, मग वाचून दाव. समदं ऐकल्याबिगर सही न्हाई. गायरानाच्या कागदावर तर केलीच न्हाई. तवा किती दिस बोलला न्हाईसा तिच्याशी! येड्या मानसावर रुसतंय का कोन, दादा?"

"आरं तिच्या!" अर्जुनाआबा उठून उभे राहिले. "म्हंजी माझं घरकुल येडीच्या सहीनं झालं? उद्या कोन पाडाय आलं तर?"

"आन आमच्या गल्लीचा रस्ता?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ते येगळं, हे येगळं," धैर्यशील म्हणाला.

"कसं येगळं?" सुभेदारांनी विचारलं.

"आवं, कारभार समदा मीच बघत हुतो!"

सुभेदार त्याच्या शेजारून उठले आणि पलीकडं जाऊन बसले.

धैर्यशीलनं कागदाची घडी घातली. हळू, गोड आवाजात म्हणाला, "रेश्माताई, ऊस औंदा बी उभा हाय न्हवं तुजा? टोळी पायजे असंल की."

कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाचा ऊस शिवारात उभा होता. आम्ही सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडं बघू लागलो.

रेश्मानं पदराचं ओलं टोक पिळलं. हिरवं पाणी कट्ट्याच्या दगडावर पडलं. मग ती सुभेदारांकडं वळली.

"टोळी नगं. बाया लावून तोडीन आन गुऱ्हाळाला घालीन. तडजोड करत न्हाई मी, सुभेदारमामा. खटला चालू द्या. मावशी शानी हुती का येडी, ते सांगाय साक्षीला पयलं धैर्यशीलदादालाच बोलावनार हाय."