दमा कुणाकडचा

मूल जन्माला आलं की दोन्हीकडचे नातेवाईक वाटणीला बसतात. घड्याळजीच्या मुलीच्या वेळीही बसले होते. नाक त्याच्या आईनं उचललं, डोळे मुलीच्या मावशीनं नेले, आणि लांब बोटं दोन्ही पक्षांना हवी असल्यामुळे दोन दिवस अबोला झाला. चांगलं ते आमच्याकडचं, हा हिशेब सगळीकडे सारखाच. पुढे पोरीची छाती वाजू लागली, तेव्हा मात्र त्या वाजण्याला धनी मिळेना.

पोर तीन वर्षांची. सर्दी झाली की दुसऱ्या दिवशी बरगड्या आत ओढल्या जायच्या, श्वास सोडताना शिट्टी वाजायची. वर्षात चौथ्यांदा असं झालं, तेव्हा आजीनं जेवताना सुनेला निकाल देऊन टाकला.

"आमच्याकडे नाही गं बाई कुणाला असलं काही. तुझी ती आत्या खोकत होती ना लग्नात?"

"तिला ठसका लागला होता, आई."

"लागला असेल. पण लागला तुमच्याच माणसाला ना?"

घड्याळजी मान खाली घालून जेवत राहिला. त्याचा लौकिकच तसा. भांडणात आवाज चढवत नाही, जिन्यात घाई करत नाही, मधल्या मजल्यावर थांबून खिडकीतून रस्ता बघतो. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत. खरी गोष्ट अशी की भांडण त्याला झेपतच नव्हतं. तिसऱ्या वाक्याला छाती आवळायची. दमा लहानपणापासूनचा. मोठेपणी कमी झाला, गेला नाही. लग्न ठरताना आई म्हणाली होती, "आता कुठे एवढा आहे तुला? विचारलं तर सांगू." विचारलं कुणीच नाही. सात वर्षं त्याचा दम्याचा पंप दुकानात, बारीक स्क्रूंच्या डबीमागे राहिला. दुकान इतकं अरुंद की आत दुसरं माणूस मावत नसे. ती एक सोयच होती.

दोन दिवसांनी नवराबायको पोरीला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"घरात कुणाला दमा?" बाईंनी फाईल उघडत विचारलं.

"माझ्या आत्याला," बायको चटकन म्हणाली. ठसक्याचा दमा तिनं स्वतःच करून टाकला. सारखं ऐकून घेतलं की माणूस न केलेलंही कबूल करतो. "माझ्याच माहेरचं आहे हे."

"आत्या लांबची झाली हो. आणि दमा काही एका माणसानं पाठवलेलं पार्सल नाही. बारीकसारीक पुष्कळ गोष्टी दोन्ही घरांतून येतात, त्यात धूळ, धूर, सर्दी यांची भर पडते. पण आईवडलांपैकी कुणाला असेल, तर मी रोजचा पंप आत्ताच सुरू करेन. नसेल तर थोडं थांबून बघू. बरीच मुलं शाळेत जाईपर्यंत यातून सुटतात."

"मला नाही. आणि ह्यांना तर साधी सर्दीसुद्धा होत नाही." हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली. निरोगी नवरा एवढीच एक मिरवण्यासारखी गोष्ट तिच्यापाशी उरली होती.

"मग थांबू," म्हणत बाईंनी फाईल मिटली.

पोर घड्याळजीच्या मांडीवर होती. तिच्या पाठीवर त्याचा तळहात होता आणि तळहाताखाली ती बारीक घरघर. ती आतून कशी लागते, हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं. घर माणसांनी भरलेलं असतं आणि श्वास मात्र आपला आपल्यालाच ओढावा लागतो.

"मला आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दमा. लहानपणापासून. अजून आहे."

बाईंनी फाईल पुन्हा उघडली. "तुमचीही छाती तपासून घ्या," एवढंच त्याला म्हणाल्या. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मास्क नाकातोंडावर घट्ट कसा धरायचा, पंप कधी दाबायचा, श्वास किती मोजायचे, हे तिनं तीनतीनदा विचारून घेतलं.

बाहेर पडल्यावर ती पोरीला खांद्यावर टाकून भराभर निघाली. तिला गाठताना त्याची छाती वाजू लागली. या वेळी त्यानं ती वाजू दिली. कोपऱ्यावर ती थांबली, पण वळली नाही.

"आईंना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे त्या घरात पाहुणी मी एकटीच."

तो गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढू लागला. बोलायला दम नव्हता.

"चला," ती म्हणाली. "औषधाचं दुकान बंद होईल."

पोरीची रात्रीची शिट्टी महिन्याभरात थांबली. घड्याळजीलाही रोजचा पंप लागला, आणि आता तो पंप घरातच राहू लागला. सकाळी बायको पोरीला मांडीवर घ्यायची, मास्क धरायची आणि मोठ्यानं मोजायची, "एक... दोन... तीन..." पाच झाले की शाबासकी. मग त्याचा पंप टेबलावर काढून ठेवायची आणि आत निघून जायची. त्याला दहा मोजेपर्यंत श्वास रोखून धरायचा असे. तो मनातल्या मनात मोजायचा.