तीन घरचे तांदूळ

“देवा मार्कंडा, पोरगी उठली तर माहेरच्या सगळ्या घरचे तांदूळ मूठ-मूठ मागून आणीन अन् तुझ्या दारी भात रांधीन. तोवर माहेरच्या चुलीचं मले वर्ज्य.”

हा नवस मनकर्णाबाई माझ्या पोटात बसून बोलली. मी एक मॅटाडोर बोलतेय. तेव्हा मी आरोग्य खात्याची गाडी होते. चौदा वर्षांची रिना तापानं बेशुद्ध होऊन माझ्या बाकावर पडलेली, मेंदूत चढलेला मलेरिया, आणि मी बल्लारपूरहून चंद्रपूरच्या दवाखान्याकडे धावत सुटलेली. नवस देवानं ऐकला, आणि मीही ऐकला.

रिना नवव्या दिवशी उठून बसली. तेव्हा कुठे बाईच्या ध्यानात आलं की आपण घाईत काय बोलून गेलो. माहेरची घरं तीन. मूल गावचे काका, आलापल्लीची बहीण गिरजाबाई आणि गोंडपिपरीचा थोरला भाऊ दादाजी. दादाजीच्या दारात तिनं तीन वर्षांपासून पाऊल ठेवलं नव्हतं. आई वारली त्या दिवशी निरोप उशिरा आला, एसटी उशिरा आली, आणि ती पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. भाऊ थांबला नाही. चारचौघांत ती म्हणाली, “आजपासून मले भाऊ नाई,” आणि त्याच पावली परत फिरली.

नवस तसाच राहिला. मीही म्हातारी झाले. जन्म माझा पुण्याकडचा, पण हाडं खिळखिळी झाली ती इकडच्या रस्त्यांवर, गावोगाव डॉक्टर नेता-आणता. खात्यानं मला लिलावात काढलं तेव्हा मनकर्णाबाई नवऱ्याला, वामनरावांना म्हणाली, “हीच घ्या. हिले माहीत हाये.”

बल्लारपूरच्या गॅरेजवाल्या सादिकभाईनं मला हिवाळाभर उघडून ठेवलं. दोन बर्थ टाकले, पाण्याची टाकी बसवली, शेगडीला फळी ठोकली. बाई रोज येऊन काहीतरी वाढवून जायची. शेवटी तो वैतागला, “भाभी, मी गाडी करून राह्यलो का बंगला?”

“चूल संग पायजे, भाई. नवस हाये.”

“मग तुळशी वृंदावन टपावर लावून देऊ?”

एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात आम्ही निघालो. पुढे वामनराव आणि रिना, मागे शेगडीपाशी बाई. गोंडपिपरी बल्लारपूरहून तासाभराची वाट. पण बाईनं सांगितलं, “पहिले मूलच्या काकाकडे,” आणि आम्ही उलट्या दिशेनं, चंद्रपूरवरून निघालो.

मूलच्या काकांनी मूठभर तांदूळ दिले आणि आंब्याचं पन्हं पुढं केलं. बाईनं हात जोडले, माझ्यात येऊन आपल्या माठातलं पाणी प्यायली. आलापल्लीला गिरजाबाई खरोखरच रुसली. “बहिणीच्या दारी येऊन गाडीत जेवतेस? माझ्या हाताले काय झालं?”

“तुझ्या हाताले नाई, माझ्या तोंडाले झालं. बोलून बसली ना.”

तांदूळ देताना गिरजाबाईनं हळूच विचारलं, “अन् दादाजीभाऊ?” बाई गाठोड्याची गाठ मारत राहिली.

मग एक नवल सुरू झालं. जी बाई कधी तळं पाहायला उतरायची नाही, ती म्हणू लागली, “कमलापूरचे हत्ती पाहू.” हत्ती पाहिले. “सिरोंच्याची नदी पाहू.” सिरोंच्याला गेलो, लोक तेलुगूत बोलत होते, प्राणहितेच्या वाळूवर पाय भाजत होते. बाईचं लक्ष कशातच नव्हतं. हत्तीसमोर उभी राहून ती विचारायची, “आता निघायचं ना?” आणि माझ्यात चढली की म्हणायची, “अजून कुठी काई पाहायचं हाये का?” तिच्यानं ना थांबवत होतं, ना पुढं जाववत होतं. दोन दिवस मी तशीच फिरले, बोनेटला हात लावला तर चटका बसेल अशी. सागाच्या जंगलातून तेंदूपत्त्याचे ट्रक समोर यायचे, धुळीत रस्ता दिसेनासा व्हायचा.

आष्टीच्या फाट्यावर माझ्या रेडिएटरमधलं पाणी उकळलं. तिथून एक वाट चामोर्शीकडे, मार्कंड्याच्या देवळाला. दुसरी वैनगंगेच्या पुलावरून गोंडपिपरीला.

“मार्कंड्याले चला,” बाई म्हणाली. “दोन घरचे झाले. देव काय मुठी मोजते?”

वामनराव बोनेट उघडून वाफेकडे पाहत राहिले. बोलली रिना, खिडकीतूनच. “आई, मी अर्धीच बरी झाली होती का?”

पाणी निवायला अर्धा तास लागला. मग वामनरावांनी मला सुरू केलं तेव्हा बाई म्हणाली, “पुलावरून घ्या.”

दादाजी ओसरीवर दोर वळत बसला होता. मला पाहून त्याचे हात थांबले नाहीत. बाई उतरली. नवसाचं मागणं दारात उभं राहून मागायचं असतं, दुसऱ्याकडून मागवता येत नाही.

“कोणाचं घर पायजे?” त्यानं वर न पाहता विचारलं.

“दादाजीभाऊचं.”

“त्याले बहीण नाई. तिनंच सांगतलं, चारचौघांत.”

“मीच सांगतलं.” तिनं पदर पसरला. “मागायले आली, भाऊ. मूठभर तांदूळ.”

दोर वळणं चालूच होतं. मग जे विचारायला ती आली नव्हती तेच तोंडून निघालं. “काऊन नाई थांबलास? तासभर?”

दोर खाली पडला. “मे महिना होता, मनकर्णा. सकाळपासून तीन वाजेपर्यंत ठेवली माय. गावात बरफ नाई. लोक नाकाले धोतर लावायले लागले. तशी माय तुले दाखवू?”

“मले सांगतलं काऊन नाई?”

“तू ऐकायले थांबलीस?”

तो आत गेला. बराच वेळ आला नाही. मला वाटलं, आतून कडी लागणार. मग तो ओंजळ घेऊन आला आणि ती पदरात रिकामी केली. निम्मे दाणे उंबऱ्यावर सांडले. बाई खाली बसून एकेक वेचू लागली. तोही वेचू लागला.

“जेवून जा,” तो म्हणाला.

“नाई चालत. नवस हाये. माझ्या गाडीत भाजी-भात हाये.”

“मग मले वाढ,” तो म्हणाला आणि माझी पायरी चढला. त्याच्या वजनानं मी एका बाजूला कलले. भावानं दोनदा भात मागून घेतला, आणि बहिणीनं दोन्ही वेळा जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याला भात शिजला तेव्हा चुलीत लाकूड सारायला दादाजी होता.

आता मी बल्लारपुरात घरामागे विटांवर उभी असते. चाकं निघाली, टाकी गळते. उभं राहणं अजून जमत नाही मला. रस्त्यानं ट्रक गेला की काचा वाजतात आणि वाटतं, निघालो. बाई कधीमधी माझ्यात बसून पोथी वाचते, त्यावर मी समाधान मानते.

तुमचंही एखादं घर असेल, जे टाळायला तुम्ही लांबच्या वाटेनं जाता. तुम्हीही असाच एक नवस बोला. पण घाईत बोला. विचार करत बसलात, तर तेवढं एक घर तुम्ही हळूच वगळाल.